दोन्ही बाटल्यांत पाणी

दिलोवर, माझा मुलगा, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात थबकला, एवढंच झालं. रोज संध्याकाळी येतो तसा तो मला संस्थेतून घरी न्यायला आला होता, दिवसभर शाळेत भूगोल शिकवून बसलेला आवाज, खांद्याला ती फाटकी पिशवी, आणि तोंडात तयार असलेलं रोजचं वाक्य, ‘चला मुअल्लिमा, गाडी लागलीय दारात.’ विद्यार्थी मला मुअल्लिमा म्हणतात, म्हणजे शिक्षिका, तो चिडवायला म्हणतो. पण वाक्य ‘चला’वरच राहिलं. त्याचा चेहरा क्षणभर असा झाला, जसा माझ्या वडिलांचा व्हायचा अंगणात विंचू दिसला की. मग तो सरळ माझ्यापाशी आला आणि त्याने माझा दंड धरला. ‘बाहेर चल.’ मी म्हटलं, ‘अरे थांब, यंत्राचं पेन चालतंय, वर्णपट अर्धा झालाय.’ ‘चालू दे त्याला. तू चल.’ मी एवढी मोठी बाई, अर्ध्या खुजंद शहराला रसायनशास्त्र शिकवलेली, मला त्याने पोत्यासारखं ओढत व्हरांड्यात आणून बाकावर बसवलं, श्वास धरून पुन्हा आत गेला, दोन्ही खिडक्या धाडधाड उघडल्या, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं तेव्हा कुठे श्वास सोडला. ‘काय झालं रे?’ ‘काही नाही. कोंदट होतं आत.’ ‘कोंदट?’ ‘हो, कोंदट. म्हाताऱ्या माणसांनी कोंदट जागेत बसू नये.’ मग गाडीत तो नेहमीसारखाच होता, सातवीच्या कुठल्याशा पोराने सिर दर्या नदी थेट महासागराला मिळवली म्हणून हसत होता. माझं डोकं दुखत होतं. मी चष्म्याला दोष दिला, घरी जाऊन शुर्पोचा गरम रस्सा प्यायले, भाकरीचा काठ बुडवून खाल्ला आणि झोपले.

सकाळी येऊन पाहिलं तर नळी रिकामी. ही नळी म्हणजे माझ्या कामाचा जीव आहे. काचेची, दोन्ही टोकांना मिठाच्या चकत्या, कारण आमचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काचेतून जात नाही, मिठातून जातो. म्हणून आमच्या धंद्यातली माणसं मिठाच्या खिडक्या घासून-पुसून तयार करतात आणि पोटच्या पोरासारख्या जपतात. मिठाला ओल सोसत नाही. दमट बोट लागलं, तोंडाची वाफ लागली, की खिडकी आंधळी झालीच म्हणून समजा. आम्ही तोंड वळवून बोलतो. लुत्फुल्लो, माझा नवरा, म्हणायचा, ‘जगातल्या बायका नवऱ्याच्या तोंडावर बोलतात, माझी भिंतीशी बोलते.’ तर त्या दोनातली एक चकती नळीला मेणाने जोडलेल्या जागी चिरलेली होती. केसाएवढी चीर. परवापासून काय तो वारा सुटलाय, धूळ नको म्हणून मी खिडक्या लावून बसले होते, आणि धूर ओढणारा पंखा कधीचा बिघडलाय. आम्ही गेल्यावरही यंत्र चालूच राहिलं होतं आणि तीच रेघ पुन्हा पुन्हा काढत होतं. पहिल्या रेघेत खोल खड्डा, म्हणजे वायू नळीत आहे. दुसरीत खड्डा उथळ. पुढच्यांत आणखी उथळ, आणि शेवटची रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. वायू हळूहळू खोलीत येत होता आणि मी त्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

हा वायू कडू बदामाचा. जर्दाळूच्या आतला बदाम काही झाडांचा गोड असतो, काहींचा कडू, आणि कडू बदाम ठेचून ओला केला की त्यातून हे विष सुटतं. एका बदामातून चिमूटभरही नाही, पण मी टोपलीभर ठेचले होते. रोप लावायचं, वर्षानुवर्षं पाणी घालायचं, पहिलं फळ धरलं की फोडून बघायचं आणि बदाम कडू निघाला की कपाळाला हात लावायचा, हे आमच्या बागाईतदारांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नशीब. रोप बोटभर असतानाच सांगता येईल का की हे कडवटपणा घेऊन जन्मलंय की नाही, एवढंच मी आयुष्यभर शोधत आले. कुणाचा पराग कुणाला लावला, पोर कुणावर गेलं, कडवटपणा आजीकडून आला की आजोबाकडून. त्यासाठी जनुकं शिकले, आणि बदामात नेमकं किती विष आहे हे कळावं म्हणून हे यंत्र शिकले. प्रकाश वायूतून जाऊ द्यायचा. रेणूतला प्रत्येक बंध आपल्या आवडीचा प्रकाश तेवढा उचलून घेतो, जिथे उचलतो तिथे रेघेत खड्डा पडतो. बंध दिसत कधीच नाही. काय कमी झालं यावरून तो ओळखायचा. हे मी इतक्या वर्गांना सांगितलंय की आता भाकरीचं पीठ मळतानाही म्हणेन.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे सकाळपासून मी यंत्र सुरूच केलेलं नाही. मला हा वास येत नाही. बदामाचा गोडसर वास येतो, तो सगळ्यांना येतो, पण त्याच्या खालून येणारा विषाचा जो खरा वास, घशाला खरवडणारा म्हणतात, तो मला जन्मापासून नाही. अशी माणसं असतात. आमच्या जुन्या पुस्तकांत नियम दिलेला होता, सुबक, घोटीव नियम: हे न येणं आईकडून मुलांकडे येतं, आणि आईलाच वास येत नसेल तर तिच्या एकाही मुलग्याला येणार नाही. दिलोवरलाही येत नाही. हा आमच्या घरचा जुना विनोद आहे. ‘आम्ही दोघं बिननाकाचे’ असं तो कौतुकाने सांगत फिरतो, सुनेने सांबुसा करपवला तरी म्हणतो, ‘मला विचारू नका, मी आईवर गेलोय.’ मग काल दारात त्याला काय कळलं? खोली कोंदट आहे हे कळायला माणूस आत यावा लागतो. तो दारातच थबकला होता.

मी खुर्चीत बसले आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते: विषाने मेले असते याची भीती वाटलीच नाही. दुसरीच वाटली, आणि ती जुनी आहे, त्याच्या वयाची आहे. दिलोवर मला झाला नाही. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, रोबिया आपाचा. तिला तीन होती, हा चौथा, आणि माझ्या घरात पाळणा हलत नव्हता. आमच्याकडे असं झालं की एक बहीण दुसरीला मूल देते, त्यात काही नवल नाही, आणि दिल्यानंतर ते बोलून दाखवत नाहीत, हाही रिवाजच. मूल माझं करायला सासूने मला तिचा जुना रुंद रेशमी झगा घातला. बायकांनी दार लावून घेतलं. माझ्या झग्याच्या गळ्यातून ते गरम, लालबुंद, ओरडणारं गाठोडं आत सोडलं, माझ्या छातीवरून, पोटावरून घसरत खाली आलं आणि सासूने घेराखालून त्याला बाहेर घेतलं. सगळ्या एकदम ओरडल्या, ‘मुकर्रमाला मुलगा झाला.’ मी शिकलेली बाई, पेशींचे भाग डोळ्यांनी पाहिलेले, पण त्याचा ओला गाल माझ्या पोटाला लागला तेव्हा मला कळा आल्या. खरंच आल्या, कुणी काहीही म्हणो. स्वयंपाकघरात रोबिया आपा छातीला फडकं घट्ट बांधून पोळी लाटत होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. लाटतच राहिली, इतकं की पोळी फाटली. तो रांगायला लागेपर्यंत ती आमच्या घरी आली नाही, आणि आली तेव्हा मावशी होऊन आली, हातात खडीसाखर घेऊन. लुत्फुल्लो त्या दिवशी ट्रॉलीबस चालवत होता. स्टेशनजवळ बस उभी केली आणि सगळ्या उतारूंना सांगितलं की मला मुलगा झाला, आज तिकीट नाही. वरिष्ठांनी त्याला झापलं. तो घरी येऊन हसत सुटला. मला तेव्हापासून एकच भीती. एक दिवस हा माझ्यासमोर उभा राहील आणि मला मावशी म्हणेल.

वर्गात मी अमोनिया शिकवायची तेव्हा फळ्यावर नायट्रोजन काढायची, त्याला तीन हायड्रोजन. मग चौथा येतो, अगदी रिकाम्या हाताने. जोडायला जे काही लागतं ते सगळं नायट्रोजनच आपल्याकडचं देतो. मी विचारायची, सांगा, या चारांतला दिलेला बंध कुठला? पोरं हटकून चौथ्याकडे बोट दाखवायची. मग मी वर्णपट पुढे करायची. चारही सारखे. ताकद सारखी, कंप सारखा. ‘एकदा जुळला की कुणी दिला हे रेणूला आठवत नाही,’ मी म्हणायची, आणि खडूचे हात झटकायची. हे सांगताना मला दिलोवर आठवायचा असं वाटेल कुणाला. नाही आठवायचा. हेच तर मला सांगायचंय. मी विसरून गेले होते. भीती होती, पण ती कुठेतरी तळाशी, हिवाळ्याच्या गोधड्यांसारखी. रोजच्या दिवसात तो माझा होता, माझ्यासारखा हट्टी, माझ्यासारखा भाकरीचा काठच खाणारा, आणि माझं डोकं त्याला माझाच धरून चालत होतं.

इतकं की मी ती चूक केली. अशी चूक जी फक्त आमच्यासारखं फळ्याला भुललेलं माणूसच करू शकतं. संस्थेत वासाची पाहणी ठेवली होती. छोट्या बाटल्या, काहींत नुसतं पाणी, काहींत तो पदार्थ, इतका पातळ केलेला की कुणाला काही होऊ नये. लोकांनी हुंगायचं आणि सांगायचं. भिंतीवर मी मोठा तक्ता लावला होता, गोल म्हणजे बाया, चौकोन म्हणजे पुरुष, आणि काळा रंग दिलेला म्हणजे वास न येणारा. एक काळा गोल, त्याखाली सगळे काळे चौकोन. कामगारांची पोरं, शिक्षक, माळी, सगळे रांगेत. दिलोवरही होता, शाळेतून आलेला, बाराएक वर्षांचा, गळ्यात शाळेचा लाल रुमाल, गुडघे फुटलेले. त्याची पाळी आली आणि मी मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, अभिमानाने फुगून म्हणाले, ‘हा बघा आला माझा पुरावा! काळा गोल मी, आणि हा माझा काळा चौकोन.’ बोलून गेले, आणि मग मला आठवलं. आठवणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. हा माझ्या पोटचा नव्हता. रांगेत आमच्याच गल्लीतली बाई होती, तिने एकदम पायातल्या बुटाकडे पाहायला सुरुवात केली. दिलोवरने बाटली नाकाशी धरली. हुंगलं. तक्त्याकडे पाहिलं, काळ्या गोलाकडे, मग खाली चौकोनांकडे. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाला, ‘काही नाही. पाणी आहे.’ लोक हसले, कुणी टाळी वाजवली. मी त्याच्या नावापुढे खूण केली तेव्हा पेन्सिल मोडली होती, हे मला आज आठवतंय.

तेव्हा मी स्वतःला समजावलं. रोबिया आपाला वास येतो, पण तिच्यात तो दोष लपलेला असू शकतो, आम्ही एकाच आईच्या मुली. तिच्या निम्म्या मुलग्यांना येणार नाही, निम्म्यांना येईल, आणि हा न येणाऱ्यांतला निघाला. असं होऊ शकतं, गणित बसतं. मी त्या गणिताला इतकी घट्ट धरून बसले की त्या संध्याकाळचं बाकीचं सगळं पुसून टाकलं. परतताना आम्ही लुत्फुल्लोच्याच ट्रॉलीबसने आलो होतो, मागच्या बाकावर. त्याने विचारलं होतं, ‘आई, मोठा झाल्यावर मला येईल का तो वास?’ मी म्हटलं, ‘नाही रे राजा, हे जन्माचं असतं.’ ‘मग बरं,’ तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहत त्याने माझा हात धरला. त्या वयाची पोरं भर बसमध्ये आईचा हात धरत नाहीत. मला वाटलं, दमलाय.

आज दिवसभर मी काम केलं नाही. चिरलेली चकती हातात धरून बसले आणि एकेक दिवस उलटा चालत आला. जर्दाळूचा मुरंबा, मी बदाम टाकून केलेला, त्याने ‘मांजराने तोंड घातलं’ म्हणून अख्खी बरणी फेकली होती, आणि मी मांजराला झोडपलं होतं. बिचारं मांजर. नातीला मी शुरदोनक, राखेत भाजलेले खारे बदाम, खायला दिले की हा आधी मूठभर स्वतः घ्यायचा, ‘बापाचा कर’ म्हणायचा, चाचपून-हुंगून उरलेले तिला द्यायचा. लुत्फुल्लो गेल्यावर मी म्हटलं होतं, मला रोज न्यायला यायची काही गरज नाही, दोन थांबे तर आहेत, तर म्हणाला, ‘तुझ्या गुडघ्यांसाठी नाही येत, मला त्या इमारतीचा वास आवडतो, जुन्या पुस्तकांचा.’ आणि मी भाबडी, सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या मुलाला पुस्तकांची ओढ आहे. आला की तो आधी खोलीभर एक चक्कर मारायचा, हात पाठीमागे बांधून, पाहुण्या अधिकाऱ्यासारखा, कपाटापाशी थांबायचा, नळीपाशी थांबायचा, मोरीपाशी थांबायचा, मग म्हणायचा, ‘सगळं ठीक आहे मुअल्लिमा, चला.’ मी त्याला म्हणायची, ‘मोठा आला तपासनीस.’ वर्षानुवर्षं. माझं नाक माझ्याकडे नव्हतं, ते रोज संध्याकाळी चालत माझ्याकडे येत होतं, आणि मी त्याला चहा विचारत होते.

दुपारी मी रोबिया आपाला फोन केला. ती आता इस्फरा शहरात धाकट्या मुलाकडे असते, कानाने कमी ऐकते आणि म्हणून जगाला बहिरं समजते. ‘आपा, दिलोवरला वास येतो.’ ‘काय येतो?’ ‘वास. विषाचा.’ ‘येऊ दे की. नाक आहे, वास येणारच. तुला येत नाही म्हणून काय कुणालाच येऊ नये?’ ‘अगं, कळतंय का तुला? तो लहानपणापासून खोटं बोलतोय. त्याला माहीत आहे.’  मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाली, ‘तू जेवलीस का?’ ‘आपा.’ ‘मला ऐकू आलं. माहीत असेल तर असेल. गल्लीला माहीत होतं, त्याला कान नाहीत का? माझ्याकडे ईदला येतो, मावशी म्हणतो, माझ्या हाताला डोळे लावतो आणि जातो. आजवर त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही, की माझ्या.’ ‘मी त्याला विचारू का?’ ‘विचारलंस तर बिचाऱ्याला उत्तर द्यावं लागेल,’ ती म्हणाली. आणि लगेच, नेहमीच्या खणखणीत आवाजात, ‘आणि ते विष हुंगायचे धंदे आता सोड म्हणते. म्हातारी झालीस.’ फोन ठेवल्यावर मी रडले. थोडंसंच. तोंड वळवून, सवयीप्रमाणे, मिठापासून लांब.

पण मी प्रयोग करणारी बाई आहे, न तपासता मला घास गिळवत नाही. आपाचं ऐकावं असं मनात होतं, आणि हातांनी तोवर कपाटातून त्या जुन्या छोट्या बाटल्या काढल्याही होत्या. एकीत पाणी. दुसरीत तेच विष, त्या दिवशीइतकंच पातळ केलेलं. दुसरीच्या बुडाला मी लाल पेन्सिलीने ठिपका दिला, कारण मलाच ओळखता येणार नव्हतं. टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर वारा पडला होता, खिडकीच्या कुंडीतला जिरेनियम धुळीने करडा झाला होता. आणि मग मला कळेना की मला काय निघायला हवंय. त्याने खरं सांगितलं तर मी सुटणार होते की संपणार होते? नियमाचं तर केव्हाच खोबरं झालंय. नवीन लोक लिहितात की तो इतका सरळ नाही, आईला येत नसला तरी मुलाला येऊ शकतो, आमच्या पुस्तकांनी घाई केली. म्हणजे दिलोवरला वास येतो यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या बारा वर्षांच्या पोराने जो नियम खरा मानून माझ्यासाठी नाक बंद केलं, तो नियमच कच्चा होता. हे मला कित्येक वर्षं माहीत होतं, आणि त्याला सांगावं असं कधी सुचलं नाही, कारण त्याला वास येत नव्हता ना.

तो वेळेवर आला. दारात थांबला, खोलीचा अंदाज घेतला; आता मला ते दिसत होतं, नाकपुड्या जराशा हलल्या, बस. ‘चला मुअल्लिमा.’ ‘बस जरा,’ मी म्हटलं. ‘माझं एक काम कर. या दोन बाटल्या हुंग आणि सांग.’ त्याने बाटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केस पिकायला लागलेत त्याचे कानांपाशी, मला उगाच ते पुसावेसे वाटले. ‘आता या वयात पाहणी काढलीस?’ ‘काढली.’ तो बसला. पहिली बाटली हुंगली, खाली ठेवली. दुसरी हुंगली. त्याने तोंडावरची रेघ हलू दिली नाही, इतक्या वर्षांची तालीम होती. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, अगदी तसंच. मी चेहरा कुठे ठेवू मला कळेना.

‘पाणी आहे,’ तो म्हणाला.

‘दोन्हीत?’

‘दोन्हीत.’

मी मान डोलावली.  ‘नवीन पुस्तकांत लिहितात,’ मी म्हटलं, ‘तो नियम काही तितका पक्का नाही. आईला येत नसला तरी मुलाला येऊ शकतो वास. त्यात काही वावगं नाही. कुणी कुणाचा नाही असं त्यातून निघत नाही.’

‘असं लिहितात?’

‘हो. बरीच वर्षं झाली.’

‘मग आधी नाही सांगायचं?’ तो म्हणाला, आणि हसला, आणि त्याचा आवाज जरा बसला, पण तो तर शाळेमुळे रोजच बसतो. ‘पण मला नाहीच येत, आई. काय करणार?’

मी माझी शाल शोधायला लागले. शाल खांद्यावरच होती. तो उठला, रोजच्यासारखी आवराआवर करू लागला, यंत्राची झाकणी घातली, माझा चष्मा डबीत ठेवला. मग दोन्ही बाटल्या उचलल्या. पहिलीतलं पाणी त्याने खिडकीशी जाऊन जिरेनियमला घातलं, सावकाश, मुळाशी. दुसरी मात्र हात लांब धरून कोपऱ्यातल्या झाकणाच्या डब्यापाशी नेली, जिथे आम्ही विषारी उरलंसुरलं टाकतो, त्यात रिकामी केली, झाकण दाबून बसवलं, आणि मोरीवर हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत.   तो हात पुसत होता तेवढ्यात मी त्याने डब्यात रिकामी केलेली बाटली उलटी करून पाहिली. लाल ठिपका होता.

‘निघायचं?’ त्याने शेवटची चक्कर मारली, कपाट, नळी, मोरी. ‘सगळं ठीक आहे.’

जिन्यावर त्याने माझा हात धरला. गुडघ्यांसाठी, म्हणाला. अर्ध्यात मी थांबले, दम खायला, आणि म्हटलं, ‘आपल्या घराण्यात नाकच नाही कुणाला. आपा तेवढी अपवाद.’

‘मावशीचं सोड,’ दिलोवर म्हणाला. ‘मी तुझ्यावर गेलोय.’